मायच्या डोळ्यात कोणतं भिंग?

काल तुझा फोन ठेवला आणि रात्री झोपच येईना. तू रडली नाहीस, पण आवाज घशात अडकत होता. "ताई, दवाखान्यात लेन्सच्या भावांचा कागद हातात दिला. चार ओळी, चार भाव. दादा म्हणतो, मायला स्वस्तातली टाकली तर सोयरे नावं ठेवतील. वहिनी म्हणते, सोयाबीन निघू दे, मग भारीतली टाकू. मी काय सांगू?" मी म्हटलं, उद्या बोलते. अगं, दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतंच ते. आता चहा घेऊन बसले आहे. तूही बस.

मी डॉक्टर नाही, हे आधी लक्षात ठेव. पण बावीस वर्षं डोळ्यांच्या थिएटरात सिस्टर म्हणून उभी राहिले. लेन्सचा डबा फोडून डॉक्टरांच्या हाताशी देणारी मी, आणि सगळं आटोपल्यावर कचऱ्याच्या पिशव्यांची तोंडं बांधणारीही मीच. डब्यात काय असतं आणि पिशवीत काय जातं, ही दोन्ही टोकं मी पाहिली आहेत. त्यातून जे कळलं तेवढं सांगते. मायच्या डोळ्याबद्दल शेवटचा शब्द तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

त्या कागदावरच्या चार ओळींत एक गोम असते. लेन्स कशाची केली आहे ही एक गोष्ट, आणि ती काय काम करते ही दुसरी. कागदावर दोन्हींची खिचडी करून ठेवतात, म्हणून आपल्याला वाटतं की खालून वर जावं तशी लेन्स 'चांगली' होत जाते. लग्नाच्या बस्त्यात साड्यांचे गठ्ठे लावतात ना, हलक्या, मधल्या, भारी, तसं. डोळ्याचं तसं नसतं.

आधी पदार्थ समजून घे. सगळ्यात जुनी ती कडक लेन्स. पीएमएमए म्हणतात तिला. पारदर्शक, टणक प्लास्टिक. तिची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या लढाऊ विमानांचं छत याच जातीच्या प्लास्टिकचं असायचं. गोळ्या लागून ते फुटलं की बारीक तुकडे वैमानिकाच्या डोळ्यात घुसायचे. लंडनच्या हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की हे तुकडे डोळ्यात पडून राहतात आणि डोळा त्यांच्यावर चिडत नाही. मग १९४९ च्या नोव्हेंबरात सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांनी या प्लास्टिकची लेन्स एका बाईच्या डोळ्यात बसवली. ती जगातली पहिली.

तोवर काय होतं? मोतीबिंदू काढायचा, आणि भिंगाची जागा रिकामीच ठेवायची. आपल्या आजीचा चष्मा आठव. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा. तिच्या डोळ्यात लेन्स नव्हतीच, सगळा भार त्या काचांवर. एकदा चुलीपुढं चष्मा पडून फुटला, तर नवा येईपर्यंत भिंतीला हात लावत फिरायची बिचारी.

आणि आता बाबा आठव. त्यांचं ऑपरेशन शिबिरात झालं, १९९० नंतरच्या काळात. तेव्हा जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोतीबिंदूचं मोठं काम चालू होतं. १९९४ ला सुरू झालेलं ते काम महाराष्ट्रातही होतं, आणि त्याच काळात साध्या माणसाच्या डोळ्यात लेन्स बसायला लागली. बाबांना हीच बसवली, कडक, साधी, पीएमएमएची. जालन्याहून परत येताना एसटीच्या खिडकीशी बसून ते रस्त्यावरची एकेक पाटी मोठ्यानं वाचत होते. सिंदखेडराजा. बिबी. सुलतानपूर आलं तरी उतरेनात, कंडक्टर ओरडला तेव्हा उठले. पुढं जन्मभर त्याच लेन्सनं पेपर वाचला त्यांनी. तेव्हा एकाही सोयऱ्यानं विचारलं नाही, की लेन्स कुठल्या कंपनीची म्हणून.

ती लेन्स बाबांपर्यंत पोहोचली यातही एक मोठी गोष्ट आहे. पूर्वी लेन्स परदेशातून यायची, आणि एकेका लेन्सला शंभर डॉलर किंवा त्याहून जास्त पडायचे. मदुराईला डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. त्यांच्या लोकांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब नावाचा कारखाना उभा करून लेन्स इथंच बनवायला घेतली. किंमत दहा डॉलरच्या आसपास आली, आणि पुढं त्याच्याही खाली गेली. आज त्यांच्या लेन्स शंभरावर देशांत जातात. म्हणून 'इंपोर्टेड' शब्दानं दादाची छाती फुगली ना, तर त्याला सांग, आपली 'देशी' लेन्स बाहेरच्यांसाठी इंपोर्टेडच आहे.

आता घडीची लेन्स, फोल्डेबल म्हणतात ती. कडक लेन्स वाकत नाही. तिचं भिंग साडेपाच-सहा मिलिमीटर रुंद, म्हणून डोळ्याला छेदही तेवढा द्यावा लागतो. मऊ पदार्थाची लेन्स असली तर सुरळी करून, इंजेक्शनसारख्या नळीतून, अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून आत सोडता येते. आत गेली की कमळ उमलावं तशी उघडते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हातातलं काम विसरून बघत राहिले होते. या मऊ लेन्स आधी सिलिकॉनच्या आल्या, मग मऊ अ‍ॅक्रिलिकच्या. अ‍ॅक्रिलिकमध्येही दोन जाती आहेत. एक पाणी धरून ठेवणारी, हायड्रोफिलिक. ती खारट पाण्यात बुडवूनच डब्यात येते. दुसरी पाण्याला दूर ठेवणारी, हायड्रोफोबिक. ती बहुतेक कोरडी येते. कागदावरची 'घडीची देशी' बऱ्याचदा पहिल्या जातीची, आणि 'घडीची इंपोर्टेड' बऱ्याचदा दुसऱ्या जातीची निघते. पण भारतातही दुसरी जात बनते, म्हणून नुसत्या 'देशी'वर जाऊ नकोस. जात विचार.

भावाचं म्हणशील तर कडक लेन्सची किंमत शेकड्यात असते. घडीची देशी शेकड्यापासून हजारांपर्यंत जाते, आणि बाहेरची हायड्रोफोबिक त्याच्याही कितीतरी वर. शेवटच्या ओळीतली मल्टिफोकल, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी, दहा-दहा हजारांच्या पटीत चढते. पण कागदावर जो आकडा असतो तो नुसत्या लेन्सचा नसतो बरं. छेद कोणता, यंत्र कोणतं, खोली कोणती, सगळं त्यात गुंडाळलेलं असतं. खरा फाटा तिथं फुटतो. लेन्सचा पदार्थ छेद ठरवतो, छेदावरून ऑपरेशनची रीत ठरते, आणि खर्च व कचरा त्या रीतीमागून येतात.

रीती दोन. एक फेको. बारीक छेदातून यंत्राची सुई आत जाते, ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडते आणि ओढून घेते, मग घडीची लेन्स. दुसरी हाताची रीत. बुबुळाच्या कडेला पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा तिरपा बोगदा करायचा, त्यातून मोतीबिंदू अख्खाच्या अख्खा बाहेर काढायचा, मग कडक लेन्स. तो बोगदा आपोआप मिटतो, टाका लागत नाही. लोकं फेकोलाच 'बिनटाक्याचं' म्हणतात, पण बिनटाक्याची तर दोन्ही आहेत.

'हाताचं म्हणजे जुनाट' असं दादा म्हणेल, तेव्हा त्याला पुण्याची गोष्ट सांग. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात चारशे डोळ्यांवर दोन्ही रीती लॉटरी काढल्यासारख्या वाटून तपासल्या, आणि २००५ मध्ये ते छापून आलं. दीड महिन्यानं चष्म्याशिवाय बघायला लावलं, तर फेकोवाल्यांत शंभरातले ८१ आणि हाताच्या रीतीत ७१ जण तक्त्यावरच्या ठरलेल्या ओळीपर्यंत पोहोचले. म्हणजे फेको सरस. पण नंबरचा चष्मा दिल्यावर? दोन्हीकडे ९८ च्या वर, अगदी सारखे. मोठ्या छेदानं बुबुळाची गोलाई जराशी बदलते, ती चष्म्यानं भरून निघते, एवढाच काय तो फरक. त्याच मंडळींनी २००७ मध्ये खर्चही मांडला. रुग्णालयाला एक फेको सुमारे ४२ डॉलरला पडली आणि हाताचं ऑपरेशन सुमारे १५ डॉलरला. त्यातले जवळजवळ ११ डॉलर रुग्णालयाच्या बांधील खर्चाचे, दोन्हीकडे सारखेच. ते काढून टाक आणि बघ, हाताच्या रीतीला वर लागतं ते चार-पाच डॉलर.

मग फेको वाईट का? अजिबात नाही. कवळ्या मोतीबिंदूला, शहरात दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या माणसाला फेको छानच. पण आपली माय चार वर्षं 'होईल गं, होईल' करत बसली आहे. तिचा बिंदू आता पिकून कडक झाला असेल, तपकिरी पडला असेल. असा दगडी बिंदू यंत्रानं फोडायचा तर जास्त शक्ती लागते आणि बुबुळाच्या आतल्या थराला ती सोसावी लागते. तिथं सरावाच्या हातानं अख्खा काढलेला कितीदा तरी बरा. म्हणून डॉक्टर 'हाताचं करू, साधी लेन्स टाकू' म्हणाले, तर आपल्याला गरीब समजून म्हणाले असं धरून बसू नकोस. 'का' एवढंच विचार. कारण सांगतील.

आणि एक बारीक गोष्ट कानात सांगते. कधीकधी मोठ्या छेदाचं ऑपरेशन करूनही घडीची लेन्स सुचवली जाते. अगं, घडीचा मुख्य फायदा बारीक छेदाचा. दार सताड उघडलेलं असताना घडी करून आत शिरायचे पैसे कशाला द्यायचे? दुसरं काही कारण असेल तर असो, पण ते कारण ऐकून घे.

आता माझी चूक सांगते. घरात कुणालाच सांगितलेली नाही. सासूबाईंच्या वेळी मी, थिएटरात हयात घालवलेली बाई, त्या कागदावरच्या शेवटच्या ओळीला भुलले. मल्टिफोकल. जवळचं दिसेल, लांबचं दिसेल, चष्मा नको. दवाखान्याचं नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती, हौस माझी होती. चारचौघींत सांगायला बरं वाटेल ना, की सासूला सगळ्यात भारीतली टाकली. सासूबाई काही दिवस गप्प होत्या. मग एक दिवस देवापुढं दिवा लावताना म्हणाल्या, "ज्योतीभोवती कडं दिसतं गं, गोल. देव दिसत नाही, कडंच दिसतं." या लेन्समध्ये उजेड वाटला जातो, म्हणून रात्री दिव्यांभोवती अशी वलयं काहींना दिसतात. पुष्कळांना सवय होते. त्यांना झाली नाही. मंद उजेडात तांदूळ निवडायचंही सोडून दिलं त्यांनी. पैसे गेल्याचं दुःख नाही मला. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की तुम्हाला काय बघायचंय. त्याचं आहे.

म्हणून मायला विचार. साधी लेन्स, मग ती कडक असो की घडीची, एकाच अंतरावर नेम धरते. बहुतेक वेळा लांबचं स्वच्छ ठेवतात आणि जवळच्या कामाला चष्मा देतात. पण माय वाचत नाही, टीव्ही फारसा बघत नाही. तिचं जग हाताच्या अंतरावर आहे: सुई, धान्य, चूल, नातवाचं डोकं. तिला जवळचं हवं असेल तर डॉक्टर तसा नंबर धरायचा विचार करू शकतात. डोळा मोजून नंबर काढतात ना, तेव्हाच हे सांगायचं असतं, नंतर बदलता येत नाही. आणि गंमत अशी, की या नंबराला वेगळे पैसे पडत नाहीत. मायला कसं दिसणार, हे लेन्स कशाची आहे यापेक्षा या नंबरावर जास्त ठरतं.

पदार्थाचा फरक मग कुठं पडतो? एका ठिकाणी नक्की पडतो, आणि सुलतानपुरात बसून त्याचा विचार केलाच पाहिजे. ऑपरेशननंतर दोन-चार वर्षांनी काहींना पुन्हा धूसर दिसायला लागतं. गावात म्हणतात, बिंदू परत आला. बिंदू परत येत नाही. लेन्स ज्या पातळ पिशवीत ठेवलेली असते तिची मागची बाजू धुरकट होते. याग नावाच्या लेझरनं तिला मधोमध झरोका पाडतात, पाच-दहा मिनिटांचं काम, भरती व्हायला लागत नाही. हा धुरकटपणा हायड्रोफिलिक लेन्समागं जास्त येतो, हायड्रोफोबिकमागं कमी. लेन्सची कड धारदार चौकोनी असली तरी कमी येतो, आणि आता कडक लेन्सही चौकोनी कडेची मिळते. पुण्यात माझ्या घराजवळ लेझर आहे, मला त्याचं काय. पण तुम्हाला त्यासाठी पुन्हा जालना किंवा बुलडाणा गाठायचं. एक माणूस सोबतीला, दोघांची मजुरी बुडणार, गाडीभाडं वेगळं. हा हिशोब मांडलास तर घडीच्यांत हायड्रोफोबिकला थोडे जास्त मोजणं कधीकधी परवडतं. मी नुसतं 'स्वस्तातली घ्या' म्हणत नाही, ते यासाठी.

डोळ्याची आणखी काही दुखणी पदार्थ ठरवतात. पडद्याचं मोठं ऑपरेशन होऊन डोळ्यात सिलिकॉन तेल भरायची वेळ येऊ शकत असेल तर सिलिकॉनची लेन्स टाळतात. पुढं बुबुळाचं ऑपरेशन करून डोळ्यात हवा किंवा वायू सोडायची शक्यता असेल तर हायड्रोफिलिक टाळतात, कारण तिच्यावर चुन्यासारखा थर बसू शकतो. मायला साखर आहे. डॉक्टरांना ते आठवणीनं सांग, आणि पडदा तपासून घ्या. पडदा खराब असेल तर कितीही भारी लेन्स टाका, उपयोग नाही.

तू शेवटी हळूच विचारलंस ते आता. "ताई, हे सगळं प्लास्टिकच ना गं? एवढं वापरतात, टाकतात." लोणारच्या सरोवराच्या काठची पोर तू, तुला हे सुचणारच. २०२० मध्ये आपल्या सरोवराला रामसरचा जागतिक दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटले होतेस, आणि काठावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या बघून तूच चिडली होतीस.

हो गं, प्लास्टिकच. कडक असो, मऊ असो, सगळ्यांचं मूळ खनिज तेलात. पण लेन्सचं वजन किती? साधारण तांदळाच्या एका दाण्याएवढं. तो दाणा डोळ्यात जातो आणि जन्मभर काम करतो. त्याच्याभोवतीचा पसारा बघ मात्र. बाहेरचा खोका, आतला डबा, पाच-सात भाषांतली माहितीची जाड घडी जी कुणी उघडत नाही, निर्जंतुक पाकीट. घडीची असेल तर एकदाच वापरायची प्लास्टिकची नळी. फेको असेल तर यंत्राच्या नळ्या, खारट पाण्याची बाटली, अंगावरचे कागदी-प्लास्टिकचे पडदे. कडक लेन्स चिमट्यानं ठेवतात. चिमटा धुऊन, वाफेनं शुद्ध करून पुन्हा वापरतात. म्हणजे इथंही तेच, लेन्सपेक्षा तिच्यामागून येणारी वरात मोठी.

२०१६ च्या नियमांनुसार हा कचरा रंगांच्या पिशव्यांत वाटावा लागतो. रक्त लागलेलं, जाळायचं ते पिवळ्या पिशवीत. नळ्या-बाटल्यांसारखं प्लास्टिक लाल पिशवीत, ते शुद्ध करून तुकडे करतात आणि पुन्हा वापरात आणतात. घाईत लाल पिशवीतलं पिवळ्यात पडलं की ते जळणारच. मी नव्या पोरींवर ओरडायचे ते यासाठी.

आणि हा पसारा कमी करता येतो, बरं. वेल्समधल्या कार्डिफला एका मोतीबिंदू ऑपरेशनचा हिशोब केला, तर सुमारे १८२ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा भार निघाला, त्यातला निम्म्याहून जास्त नुसत्या सामानसुमानाचा. २०१७ मध्ये अरविंदचा हिशोब छापून आला. तिथं एका फेकोला सुमारे सहा किलो. कचरा पाव किलो. तीच फेको, तीच घडीची लेन्स! फरक कशानं पडला? हत्यारं शुद्ध करून पुन्हा वापरतात, औषधाची एक बाटली पुरवून वापरतात, एका दालनात दोन टेबलं मांडतात म्हणजे डॉक्टरांचा आणि यंत्राचा वेळ वाया जात नाही. आणि जंतुसंसर्ग? तिकडच्या श्रीमंत देशांपेक्षा जास्त नाही. तेव्हा 'सगळं एकदाच वापरून फेकलं म्हणजेच स्वच्छ' ही समजूत सोड.

आता तुझ्यामाझ्या हातातला हिशोब कर. एक लिटर डिझेल जळलं की पावणेतीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. सुलतानपूरहून जालन्याला जीप करून जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर धर, अकरा-बारा लिटर डिझेल. झाले तीस किलो. त्या सहा किलोच्या पाचपट, एका फेरीत! तपासणीची एक फेरी, ऑपरेशनची एक, दुसऱ्या दिवशीची, महिन्याची. पदार्थावरून रात्रभर वाद घालणारा दादा दर वेळी जीप भाड्यानं करणार आणि तिच्यात माय आणि तो, दोघंच बसणार. खर्चाच्या वहीतही लेन्सनंतरचा मोठा आकडा जीपचाच असेल बघ.

म्हणून असं कर. गल्लीतल्या दोघी-तिघींचे बिंदू मला तुझ्याकडूनच कळले आहेत. सगळ्या मिळून एका दिवशी जा, नाहीतर सरळ एसटीनं जा, ती तशीही धावतेच. तपासणी, रक्त, साखर, डोळ्याचं मोजमाप एकाच दिवशी होईल का, हे आधी फोन करून विचारा. बुलडाण्याच्या जिल्हा रुग्णालयात शासनाच्या कार्यक्रमात लेन्ससकट ऑपरेशन मोफत होतं, हे विसरू नका. तो कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. जालन्याला श्री गणपती नेत्रालय आहे, आपल्या भागातल्या कितीतरी जणांना ठाऊक असलेलं. शिबिर असेल तर नेण्या-आणण्याची सोय असते का तेही विचारा. पुढच्या तपासण्यांतली एखादी जवळच्या सरकारी दवाखान्यात चालेल का, असं डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

काउंटरवर बसलीस की विचार: आकड्यात लेन्स किती आणि ऑपरेशन किती? लेन्स कशाची? कड चौकोनी आहे का? छेद केवढा? डब्यावर छापील किंमत असते, ती बघायला माग. तुझा हक्क आहे तो. ऑपरेशननंतर लेन्सचं स्टिकर कार्डावर लावून घे, नंबर-बिंबर सगळं त्यावर असतं. त्याचा फोटो काढून मला पाठव, कारण कार्ड तर दादा हरवणारच. विमा असेल तर एका डोळ्याला किती मर्यादा आहे ते आधी वाच, नाहीतर वरचे पैसे अंगावर येतात.

घरी आल्यावर थेंब वेळच्या वेळी घाल. शेजारणीचे उरलेले थेंब मायला नको, आणि मायचे तिला नकोत. फोडलेली बाटली महिन्याच्या वर ठेवू नका. चुलीचा धूर, शेतातली धूळ, डोक्यावरून पाणी, काही दिवस बंद. आणि डोळा लाल झाला, ठणकला, दिसणं एकदम कमी झालं, तर फेऱ्या-डिझेल सगळं विसर. रात्र असो की पाऊस, जीप कर आणि तिला घेऊन नीघ. तिथं काटकसर नाही.

राहिला दादा. त्याचं चूक नाही गं. बाबा गेल्यावर मायसाठी काही मोठं करावं असं त्याला वाटतं, आणि मोठं म्हणजे महाग असं आपल्याला शिकवलं गेलंय. त्याला आणि वहिनीला म्हणावं, सोयाबीनची वाट बघू नका. बिंदू थांबत नाही, आणखी कडक होतो, आणि माय अंधारात न्हाणीघरात घसरली तर मांडीच्या हाडाचा खर्च सगळ्या लेन्सच्या वर जाईल. आज परवडते ती नीट लेन्स, नीट हातांनी, या महिन्यात. उरलेल्या पैशांतून मायला जवळचा चष्मा चांगला घेऊन दे, आणि दुसऱ्या डोळ्यासाठी बाजूला ठेव. दुसराही आहेच रांगेत.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. आज संध्याकाळी मायजवळ बस. लेन्सचं नाव काढू नकोस, भावाचं तर नाहीच. तिला विचार, "माय, तुला नीट काय दिसायला पाहिजे?" ती आधी म्हणेल, "मले काय करायचं दिसून, म्हातारीले." ते सोडून दे. पुन्हा विचार. सुईचं नाक म्हणाली तर मला 'जवळचं' असं लिहून पाठव. फाट्यावर उतरून येणारी आपली माणसं लांबून ओळखू यावीत म्हणाली तर 'लांबचं' असं पाठव. मग डॉक्टरांना काय सांगायचं ते मी तुला सांगते.